पात्याचे पाणी भट्टीत चढते, पट्ट्यावर उतरते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हाताने सुरी घडवण्याच्या छंदाविषयी वर्तमानपत्रांतून अधूनमधून जे लिहून येते, त्यात एक वाक्य हटकून असते : ‘पाते लालबुंद तापवले, पाण्यात बुडवले, की सुरी तयार.’ सोबत ज्वाळांचे छायाचित्र. वाचणाऱ्याला हुरूप येतो. तो कुठली तरी जुनी पट्टी शोधतो, लाल करतो, बादलीत बुडवतो आणि ‘चर्र’ झाल्यावर पाठोपाठ ‘टिक’ असा एक बारीक आवाज ऐकतो. तो तडा गेल्याचा आवाज असतो. पोलादाचा नंबर (म्हणजे त्याचा प्रकार), तापमान आणि वेळ या तीन गोष्टी गाळून असा मजकूर छापला, तर त्यावरून कोणालाही धड सुरी करता येणार नाही, म्हणून हे पत्र.

घोटाळा थोडा भाषेचाही आहे. आपण पात्याला ‘पाणी देतो’, धारेचे ‘पाणी उतरले’ म्हणतो. इथे पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. बादलीतल्या पाण्याशी त्याचा संबंध जोडायलाच हवा असे नाही, कारण हौशी माणूस वापरतो त्यातल्या बहुतेक पोलादांना तेलच मानवते.

सुरुवात पोलादापासून. बांधकामाच्या साध्या लोखंडात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. ते कितीही तापवा, कशातही बुडवा, धार धरण्याइतके कडक होत नाही. गाडीच्या कमानीच्या पाट्यात बहुधा ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि त्याची दणकट सुरी होते. पण पाटा नेमका कोणत्या पोलादाचा, हे त्यावर लिहिलेले नसते आणि वर्षानुवर्षे हिसके खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. दोन दिवस घासून तयार केलेले पाते तेलात गेल्यावर त्या जुन्या तड्यावर उकलते आणि दोष तेलाला दिला जातो. म्हणून शिकणाऱ्याने नंबर माहीत असलेली नवी पट्टी घ्यावी, शक्यतो १०८४. त्यात कार्बन साधारण ०.८४ टक्के. तो तापमानाला पोहोचताच पोलादात चटकन विरघळतो, त्यामुळे साध्या गॅसच्या भट्टीतही हे पोलाद नीट वागते. १०९५ मध्ये कार्बन जास्त आणि त्याला थंड होण्याची घाई फार. ५२१०० (बेअरिंगचे पोलाद) आणि ओ-१ (हत्यारांचे पोलाद) ही दोन्ही उत्तम, पण त्यांना ठरलेल्या तापमानावर दहा-पंधरा मिनिटे स्थिर धरावे लागते. विजेची नियंत्रित भट्टी नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. न गंजणाऱ्या पोलादांना हजार अंशांहून जास्त लागतात, तो खेळ वेगळाच. जस्ताचा मुलामा असलेली कोणतीही वस्तू मात्र भट्टीत घालू नये. जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो.

कडक करण्याआधी पाते किती घासायचे, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. ३ मिलिमीटर जाडीची पट्टी असेल तर धारेच्या कडेला मार्कर फासून ३ मिलिमीटरच्याच ड्रिलच्या टोकाने रेघ ओढावी. पट्टी आणि ड्रिल दोन्ही एकाच सपाट फरशीवर आडवे ठेवले, की टोक आपोआप जाडीच्या मध्यावर येते. या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे अंतर सोडून आणखी दोन रेघा मारायच्या, अशा की त्यांच्यात ०.८ ते १ मिलिमीटर उरेल. या टप्प्यावर धार तेवढीच जाड ठेवायची. हौशी माणसाला इथे राहवत नाही. तो धार कागदासारखी पातळ करतो आणि तेलातून पाते बाहेर येते ते पापडाच्या कडेसारखे लाटालाटांचे. पातळ कड आधी थंड होते, जाड पाठ मागून, आणि या ओढाताणीत कडेला सुरकुत्या पडतात. त्या ठोकून निघत नाहीत. मुठीत जाणाऱ्या भागातली भोकेही याच वेळी पाडून घ्यावीत, कडक झालेल्या पोलादात ड्रिलच झिजते. घासण्याच्या यंत्रावर फिरणाऱ्या ३६ नंबरच्या खरखरीत पट्ट्याचे (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक) खोल आडवे ओरखडे तसेच ठेवू नयेत. तडा नेमका तिथून सुरू होतो. निदान १२० नंबरपर्यंत यावे, शेवटचे हात पात्याच्या लांबीच्या दिशेने मारावेत आणि पाते मुठीला भेटते तिथला कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर करावा.

ठोकून घडवलेले पाते असेल तर कडक करण्याआधी त्याचा कण बारीक करून घ्यावा लागतो. ठोकताना पोलाद पुन्हा पुन्हा खूप तापते आणि आतले कण फुगतात. त्यासाठी तीन फेऱ्या : पहिली साधारण ८७० अंश सेल्सिअसला, दुसरी ८१५, तिसरी ७६०. प्रत्येक वेळी पाते स्थिर हवेत टांगून लाली पूर्ण जाऊन काळे पडेपर्यंत थंड होऊ द्यायचे. जमले की नाही हे त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर पाहता येते. तुकड्याला पात्यासारखीच वागणूक द्यावी, तेलात कडक करावा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरावा आणि हातोडीने मोडावा. मोडलेली बाजू राखाडी, मऊ मखमलीसारखी दिसली तर उत्तम. साखरेसारखे चमचमणारे दाणे दिसले तर पोलाद जास्त तापले होते आणि तसे पाते धारेवर तुकड्यातुकड्याने उडणार. एक तुकडा मोडण्याचा हा उद्योग बहुतेक जण टाळतात. पाते मोडण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता ‘लालबुंद’ची गोष्ट. रंगावरून तापमान सांगणे हे मुरलेल्या डोळ्यांचे काम, आणि त्या डोळ्यांनाही उजेड सारखाच लागतो. ८०० अंशांचे पाते भर उन्हात जेमतेम तांबूस दिसते, तेच अंधाऱ्या खोलीत नारिंगी पेटल्यासारखे. म्हणून भट्टी सावलीत, मंद उजेडात लावावी. खूण म्हणून लोहचुंबक वापरतात. साधारण ७७० अंशांला पोलाद चुंबकाला दाद देईनासे होते. पण ही कडक करण्याची पातळी नव्हे. १०८४ साठी तिथून आणखी चाळीस-पन्नास अंश वर, म्हणजे ८१५ च्या आसपास जावे लागते. चुंबकाची परीक्षा तापत असतानाच घ्यावी, कारण निवताना पोलाद बरेच खाली येईपर्यंत चुंबकाला चिकटत नाही आणि फसगत होते. दुसरी खूण मिठाची. साधे मीठ ८०१ अंशांला वितळते, तेव्हा पात्यावर टाकलेली चिमूट पाणी होऊन पसरली की आपण जवळ आलो आहोत. तिसरी खूण सर्वांत देखणी. पाते तापत असताना एका क्षणी त्याच्या अंगावरून गडद सावली सरकताना दिसते. आतली रचना बदलताना पोलाद उष्णता पिते, तेवढ्यापुरता तो भाग काळवंडतो. सावली आधी पातळ कडेने आणि टोकाने सरते, शेवटी जाड पाठीला पोहोचते. ती पूर्ण विरून पाते एकसारखे उजळले, की आणखी थोडे तापवून बाहेर काढायचे. ज्यांना हे नको त्यांनी के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीत सोडावा. त्यात कमीपणा काही नाही.

टोक आणि धार नेहमी आधी जास्त तापतात. उपाय सोपा : भट्टीत जाड लोखंडी नळी ठेवून पाते नळीत धरायचे, म्हणजे ज्योत थेट लागत नाही, आणि ते पुढेमागे हलवत राहायचे. ‘थोडे जास्तच तापवू, जास्त कडक होईल’ हा समज खोटा आहे. ९०० च्या पुढे कण फुगत जातात आणि कडकपणात काही भर पडत नाही.

तेल कॅनोलासारखे खाद्यतेल चालते, मात्र ते ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट हवे. गार तेल घट्ट असते. ते पात्याला नीट भिडत नाही आणि उलट सावकाश थंड करते. लोखंडाचा एक तुकडा तापवून तेलात सोडला की तेल कोमट होते. एका पात्याला निदान पाच लिटर तेल, उभट धातूच्या भांड्यात, झाकण हाताशी. प्लॅस्टिकची बादली नको, जुने इंजिन ऑइलही नको, त्याचा धूर विषारी. भट्टीतून तेलापर्यंतचा प्रवास एक-दोन सेकंदांचा असावा. तेलात शिरल्यावर १०८४ ला ८१५ पासून ५४० अंशांच्या खाली यायला जेमतेम एका सेकंदाची मुभा असते. तेवढ्यात उतरले नाही तर आत मऊ रचना तयार होते आणि पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय ती बदलत नाही. पाते टोकाकडून सरळ आत घालायचे, पूर्ण बुडवायचे. अर्धे बाहेर राहिले तर तेल पेट घेते. पेटलेच तर झाकण टाकावे, त्यावर पाणी कधीही ओतू नये. आत गेल्यावर पाते वर-खाली किंवा धार-पाठ या दिशेने हलवावे. वल्ह्यासारखे आडवे हलवले की एक बाजू आधी थंड होते आणि पाते त्या हिशेबाने वाकते.

दहा-बारा सेकंदांनी पाते बाहेर काढून पाठीवरून डोळा लावून पाहावे. इथे निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. कडक रचना, जिला ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात, ती साधारण २०० अंशांच्या आसपास बनू लागते आणि पुढे हळूहळू वाढत जाते. तोवर पाते चक्क लवते. जाड चामडी हातमोजे घालून बाक सरळ करता येतो, किंवा दोन सपाट ॲल्युमिनियमच्या पाट्यांमध्ये व्हाइसने दाबून धरता येतो. हातात मिनिटभर असते. पाते हाताला सोसवेल इतके निवल्यावर जोर लावला तर ते काडीसारखे मोडते. राहिलेला बाक टेंपरिंगच्या (म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते ओव्हनमध्ये बेताने तापवण्याच्या) दुसऱ्या फेरीत काढावा : पाते सरळ, जाड पट्टीला शिकंज्याने बांधावे, बाकाखाली पातळ पाचर देऊन किंचित उलट्या बाजूला वाकवून ठेवावे आणि तसेच ओव्हनमध्ये घालावे.

पाणी चढले का, हे कानस सांगते. धारेवर ओढली तर ती काचेवरून घसरल्यासारखी गेली पाहिजे. पहिल्या एक-दोन ओढींना चावली आणि मग घसरू लागली तर घाबरू नये. भट्टीत वरच्या पातळ थरातला कार्बन जळतो, तो मऊ थर तेवढा निघाला. चावतच राहिली तर पुन्हा भट्टी.

या घडीला पाते ६४-६५ रॉकवेलचे (रॉकवेल हे कडकपणाचे माप) असते. टेबलावरून पडले तरी दोन तुकडे होतील. तासाभरात टेंपरिंग करावे. तेल धुऊन पुसून २०० अंशांवर दोन तास, मग पूर्ण गार, मग पुन्हा दोन तास. दुसरी फेरी हौस म्हणून नसते. पहिल्या फेरीनंतर गार होताना न बदललेले थोडे पोलाद नव्याने कडक होते, त्याचा ठिसूळपणा दुसरी फेरी काढते. घरगुती ओव्हनची तबकडी २०० म्हणत असेल तेव्हा आत १८० ते २२० काहीही असू शकते, आणि ते सारखे वर-खाली होते. दोन-तीन सेंटिमीटर वाळू भरलेला ट्रे आत ठेवावा, वेगळा तापमापक लावावा, आकडा स्थिरावल्यावरच पाते वाळूवर आडवे ठेवावे. २०० ला १०८४ साधारण ६० रॉकवेलवर येते, स्वयंपाकाच्या सुरीला योग्य. लाकूड तासण्याच्या किंवा दणके सोसण्याच्या सुरीला २३० पर्यंत जावे. २६० ते ३७० हा पट्टा टाळावा, तिथे पोलाद मऊ होते आणि वर ठिसूळही. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग येतो तो साधारण २०५ चा. पण रंग वेळेवरही अवलंबून असतो, म्हणून त्याला साक्षीदार मानावे, न्यायाधीश करू नये.

इथवर बहुतेक जण नीट येतात आणि पुढे घासताना सगळे घालवतात. हिशेब सरळ आहे : पाते २०० अंशांवर टेंपर केले, म्हणजे त्यापुढचा प्रत्येक अंश पाणी उतरवणार. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरीवर १०० मिलिमीटरचे चाक असेल तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर धावतो. २८८० फेऱ्यांची मोटर असेल तर पंधरा मीटर. त्या वेगात अर्ध्या मिलिमीटरच्या कडेला उष्णता साठवायला जागाच नसते. पाठ हाताला गार लागत असताना धार ३०० ओलांडते. म्हणून कडक केल्यानंतर वेग कमी, पट्टा नवा आणि शेजारी पाण्याची बादली. (आता कुठे बादलीचे काम आले.) प्रत्येक ओढीनंतर पाते बुडवायचे. बाहेर काढल्यावर धारेशी पाण्याचा एक थेंब लोंबत असतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा. घासताना थेंब पसरू लागला, कडा थरथरली की पट्ट्यावरून हात मागे. थेंब फुर्र होऊन उडाला म्हणजे उशीर झाला. हातमोजे या वेळी काढून ठेवावेत. ते उष्णता लपवतात आणि पट्ट्यात अडकतात.

झिजलेला पट्टा हा सर्वांत मोठा चोर. तो कापत नाही, नुसता चोळतो. ठिणग्या कमी झाल्या, पात्यावर ओरखड्यांऐवजी चकाकी दिसू लागली आणि आपण नकळत जास्त दाबू लागलो, की पट्टा बदलावा. जुना पट्टा मुठीच्या लाकडाला उपयोगी पडतो. ६० नंबरने भट्टीतली काळी खपली आणि जादा जाडी काढावी, मग १२०, २२०, ४००. दर वेळी ओरखड्यांची दिशा थोडी बदलावी आणि दिव्याखाली तिरके धरून आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले का पाहावे. १२० चा एक ओरखडा राहिला तर ४०० वर तो उठून दिसतो आणि सगळे मागे जावे लागते. कोपरे अंगाला टेकवून ठेवायचे आणि कमरेपासून पूर्ण शरीर हलवायचे. नुसते मनगट हलले की धारेकडच्या उतारावर पैलू पडतात. दोन्ही बाजू आलटून पालटून घ्याव्यात. टोकाशी आल्यावर मूठ किंचित उचलायची आणि तिथे थांबायचे नाही. टोक सर्वांत लवकर जळते. स्वयंपाकाच्या सुरीची कड अशी ०.३ ते ०.४ मिलिमीटरपर्यंत आणून यंत्र बंद करावे. शेवटची धार हातानेच, १००० नंबरच्या दगडावर पाण्याने, प्रत्येक बाजूला १५ अंशांच्या आसपास.

निळा डाग पडलाच तर? पॉलिश पेपरने डाग जातो, आतला मऊपणा तसाच राहतो. तेवढी कड मागे घासून घ्यावी लागते, नाहीतर पुन्हा भट्टी.

यंत्राशेजारी पोलादाची धूळ आणि लाकडाचा भुसा एकत्र साठू देऊ नये, ठिणगीने पेटतो. बारीक धूळ गाळणारा घट्ट बसणारा मुखवटा आणि चष्मा घालावा. कापडी बफिंग चाक दिसायला मऊ असते आणि सगळ्यात घातकी तेच. चाकाच्या दिशेला धार समोर आली तर ते पाते हिसकावून अंगावर फेकते. धारदार पाते त्यावर लावूच नये.

सुरी जमली का, याची परीक्षा ६ मिलिमीटरच्या पितळी सळईवर. सळई आडवी बसवावी, दिव्याच्या तिरीपेत धार साधारण १५ अंशांत टेकवून हलका जोर देत सरकवावी. सळईखाली धार किंचित फुगलेली दिसते आणि पुढे गेल्यावर सरळ होते, ते बरोबर. वाकून तशीच राहिली तर धार मऊ. तेव्हा लगेच भट्टी पेटवू नये. दगडावर पाच-सहा वेळा हाताने धार लावून पुन्हा सळईवर पाहावे. आता सरळ होत असेल तर दोष घासण्याचा होता आणि जळालेला भाग निघून गेला. अजूनही मऊच असेल तर पाणी मुळात चढलेच नव्हते. धार वाकण्याऐवजी बारीक टवके उडत असतील तर ओव्हन १० अंशांनी वाढवून आणखी एक दोन तासांची फेरी द्यावी आणि पुन्हा पितळेवर लावावी. टेंपर कमी पडले तर असे वाढवता येते, जास्त झालेले मागे घेता येत नाही, तेव्हा ओव्हनचा आकडा खालूनच वर न्यावा.

आपला,
सुऱ्या घडवणारा एक वाचक